स्वतः बांधलेल्या टू-सीटरचा बॅज : ढाल, पिस्टन की खंड्या?

चौथा_गिअर

मंडळी, गाडी एकदाची रंगून आली. जुन्या वाचकांना माहीत आहेच, नव्यांसाठी थोडक्यात सांगतो. आम्ही चौघं मित्र एक दोन सीटर बांधतोय. चौकोनी नळ्यांची चॅसी, वर फायबरग्लासची बॉडी, इंजिन आणि गिअरबॉक्स एका जुन्या हॅचबॅकचे. छप्पर नाही, आवाज भरपूर.

नाकावर ७० मिमी व्यासाचा आणि ५ मिमी खोल गोल खळगा मोल्डमध्येच ठेवलाय. त्यात काय बसवायचं यावरून सध्या आमची जुंपली आहे. ज्या कंपनीचं इंजिन आहे तिचा बॅज लावायचा नाही, एवढ्यावरच काय ते एकमत. तीन कच्ची चित्रं तयार आहेत. पहिल्यात ढाल आहे: आत चौघांची आद्याक्षरं, मधोमध तलवार, वर चेकर्ड फ्लॅग, खाली ज्वाळा, दोन्ही बाजूंना पंख. दुसऱ्यात आडवा पिस्टन, त्यालाही पंख. तिसऱ्यात सूर मारणारा खंड्या, पंख मिटलेले, चोच खाली, भोवती गोल कडी.

आमच्यात दोघं ढालीकडे, एक पिस्टनकडे, मी खंड्याकडे. बिनधास्त फाडा.

रेषाळ

फाडा म्हणालात म्हणून फाडतेय. ढाल म्हणजे ट्रॉफीच्या दुकानाची काच झालीय, प्रत्येकाची आवडती वस्तू आत ठेवलेली.

गर्दी असलेला बॅज वाईटच असतो असं नाही. पोर्शची ढाल बघा. शिंगं, लाल-काळे पट्टे, घोडा, गावाचं नाव, सगळं आहे. पण घोडा श्टुटगार्ट शहराच्या चिन्हातला, शिंगं आणि पट्टे व्युर्टेंबर्गचे. प्रत्येक गोष्टीला पत्ता आहे. आल्फा रोमिओच्या वर्तुळातला लाल क्रॉस मिलानचा आणि माणूस गिळणारा साप तिथल्या व्हिस्कोंती घराण्याचा. मासेरातीचा त्रिशूळ बोलोन्यातल्या नेपच्यूनच्या पुतळ्याच्या हातचा. तुमच्या तलवारीचा पत्ता काय?

तिन्ही चित्रं आधी निव्वळ काळ्या रंगात काढा. छटा नको, चमक नको, सावली नको. मग १५ मिमी रुंदीत छापा आणि हात लांब करून बघा. जे ओळखू येईल ते राहील.

तिखटमीठ

एवढा काथ्याकूट कशाला राव? सरळ फेरारीचा तो मागच्या पायांवर उभा राहिलेला काळा घोडा लावा. लोक वळून बघतील. :ड

जुनंलोखंड

तिखटमीठ, वळून बघतील आणि हसतील. शिवाय ते नोंदवलेलं व्यापारचिन्ह आहे. हौशी गाडीवर कोणी लगेच वकील पाठवेल असं नाही, पण उद्या गाडी विकायला काढलीत किंवा दुसऱ्याला तसलाच बॅज ओतून दिलात की प्रकरण हौसेचं राहत नाही. आणि तो घोडा मुळात एका माणसाचा आहे. पहिल्या महायुद्धातला इटलीचा नामांकित वैमानिक फ्रान्चेस्को बाराक्का, त्याच्या विमानावर तो रंगवलेला असे. १९१८ मध्ये बाराक्का मारला गेला. १९२३ मध्ये त्याच्या आईने एन्झो फेरारीला सांगितलं की हा घोडा तुझ्या गाड्यांवर लाव, लाभेल. मागची पिवळी जमीन फेरारीने स्वतः जोडली, मोदेना गावाचा रंग म्हणून. आणि मग घोडा गाड्यांवर आला तो थेट १९३२ च्या स्पा शर्यतीत. असला ऐवज उचलून दुसऱ्याच्या इंजिनावर चिकटवायचा म्हणजे जरा अतीच.

रेषाळताईंच्या पत्त्याच्या मुद्द्याला +१, पण थोडी पुस्ती जोडतो. पत्ता नेहमी भारदस्तच लागतो असं नाही. लॅम्बोर्गिनीचा बैल फेरुच्चो लॅम्बोर्गिनीच्या वृषभ राशीवरून आणि आबार्थचा विंचू कार्लो आबार्थच्या वृश्चिक राशीवरून आलाय. राशीवरून! आज कोणाला त्यात काही थिल्लर वाटतं का? आणि कधी कधी लोक पत्ता मागाहून चिकटवतात. बीएमडब्ल्यूचं वर्तुळ म्हणजे फिरणारा प्रोपेलर ही गोष्ट अजून लोक छातीठोकपणे सांगतात. १९१७ चं ते चिन्ह बव्हेरियाच्या निळ्या-पांढऱ्या रंगांचं. प्रोपेलर आला १९२९ च्या जाहिरातीतून.

चौथा_गिअर

१५ मिमीची परीक्षा घेतली. ढाल म्हणजे काळा डाग. पिस्टन बऱ्यापैकी दिसतो, पण पंखांमुळे माशीसारखा. खंड्या ओळखू येतो, पण दोघांनी "मासा आहे का?" असं विचारलं.

ढालवाले दोघं म्हणतायत, आद्याक्षरं तरी राहू द्या.

जुनंलोखंड

आद्याक्षरांना वाईट म्हणू नका हं. लोटसच्या बॅजवर वरच्या बाजूला गुंतलेली चार अक्षरं आहेत, ती कंपनीच्या संस्थापकाच्या, अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन या पूर्ण नावाची. पण तिथे एकाच माणसाची चार अक्षरं आहेत. चार माणसांची चार अक्षरं म्हणजे दारावरची पाटी.

वंगणतेल

पिस्टनच्या बाजूने कोणीच बोलत नाहीये म्हणून मी बोलतो. टोयोटा ८६ च्या फेंडरवर छोटा बॅज यायचा. मध्ये ८६ आकडा आणि दोन्ही अंगांना आडवे पिस्टन. ज्याला बॉक्सर इंजिन म्हणजे काय ते ठाऊक आहे त्याला एका नजरेत कळतं की आत पिस्टन समोरासमोर झोपलेत. तिथे पिस्टन त्या गाडीबद्दल काहीतरी सांगतो. चौथा_गिअर, तुमचं इंजिन साधं रांगेतलं चार सिलिंडरचं, उभं बसवलेलं. मग पिस्टन आडवा का? म्हणजे बाजूने बोलायला आलो आणि विरोधात मत देऊन चाललो. :)

रेषाळ

@वंगणतेल, हाहा. पण मुद्दा नेमका आहे.

@चौथा_गिअर, खंड्याच का सुचला?

चौथा_गिअर

गाडी बाजूने बघितली की मला तो पक्षीच दिसतो. बॉनेट लांब आणि टोकाकडे निमुळतं, आम्ही बसतो ते पार मागे, मागच्या चाकांच्या जवळ. मागचा भाग आखूड. खंड्याची चोच, मोठं डोकं आणि ती नसल्यासारखी शेपटी, अगदी तसंच. रंगही निळा दिलाय, सीट नारिंगी-तपकिरी.

गॅरेजवाली

अहो मग हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंत! हाच तर पत्ता.

एक शंका मात्र आहे. नाक खाली घालून सुटलेला पक्षी गाडीच्या नाकावर लावणार? ब्रेक दाबल्यावर पुढचं सस्पेन्शन बसतं तेव्हाची गाडी दिसेल ती. हलक्या गाडीचा हा डाइव्ह कमी करण्यासाठी स्प्रिंगा बदलायच्या आणि बॅजवर कायमचा डाइव्ह कोरून ठेवायचा!

वंगणतेल

खिक्. बॅज बघूनच मेकॅनिक शॉक अॅब्सॉर्बर तपासायला घेईल.

रेषाळ

गॅरेजवालीचं बरोबर आहे आणि उपाय सोपा आहे. सूर मारू नका, पूर्ण पक्षीही काढू नका. फक्त डोकं आणि चोच, जवळजवळ आडवी. पूर्ण पक्ष्यात पंख, शेपटी, पाय हे सगळं बारीक होतं, म्हणून लोकांना तो मासा वाटला.

आता थोडं काम सांगते. गाडीचा अगदी बाजूने, लांबून, झूम करून फोटो काढा. जवळून काढलात तर लेन्समुळे नाक फुगतं. त्यावर बॉनेटची वरची रेष गिरवा, काचेच्या बुडापासून टोकापर्यंत. तीच रेष चोचीची वरची कड म्हणून वापरा, हवी तर थोडी ताणून. डोक्याचा घुमट म्हणजे सीटमागचा उंचवटा. म्हणजे पक्षी गाडीसारखा दिसतो असं कोणाला सांगत बसावं लागणार नाही, रेष तीच असेल. व्हेक्टरमध्ये, म्हणजे संगणकावर बिंदू जोडून रेषा काढतात तसं, काढताना बिंदू कमीत कमी ठेवा. एका वळणाला दोन टोकं आणि त्यांचे दांडे पुरतात. दहा बिंदूंनी काढलेलं वळण पडद्यावर गुळगुळीत दिसतं, पण धातूत उतरलं आणि त्यावर प्रकाश पडला की पोचे दिसतात.

आणि कडी पूर्ण गोल बंद करू नका. चोच कडीला छेदून बाहेर येऊ द्या.

जुनंलोखंड

अवांतर: खंड्याच्या चोचीला वाहनांच्या दुनियेत आधीच मान आहे. जपानच्या ५०० मालिकेच्या शिन्कान्सेन बुलेट ट्रेनचं लांबुळकं नाक त्या चोचीवरून बेतलेलं. बोगद्यातून बाहेर पडताना दाबाचा जो धडाका व्हायचा तो कमी करायला. १९९७ मध्ये ती धावायला लागली. तुमच्या बॉनेटला बोगद्याचा धडाका नाही, पण कोणी विचारलंच तर सांगायला एक गोष्ट हाताशी असू द्या.

ओतीव

चित्र ठरत आलंय तर साहित्याकडे वळा, कारण साहित्य चित्र बदलायला लावतं. पूर्ण झालेलं डिझाइन घेऊन ओतायला आलेले लोक बघितलेत, अर्ध्या रेषा भरूनच जातात.

सगळ्यात आधी थ्रीडी प्रिंटचा मोह. प्रिंट जरूर काढा, पण कुठल्या प्लास्टिकमध्ये ते बघून. पीएलए साधारण ६० अंश सेल्सिअसला मऊ पडायला लागतं. गडद रंगाचं बॉनेट उन्हात आणि खाली गरम इंजिन असेल तर तो आकडा सहज गाठला जातो आणि तुमच्या खंड्याची चोच खाली वळते. एबीएस आणि एएसए दोन्ही १०० अंशांच्या आसपास तग धरतात. त्यातही एएसए उन्हाने ठिसूळ होत नाही, म्हणून बाहेर लावायचं तर तेच घ्या. पण खरं सांगू का, प्रिंटचा उत्तम उपयोग मास्टर म्हणून, म्हणजे ज्यावरून साचा घ्यायचा तो मूळ नमुना. रेझिन प्रिंट काढा, बारीक पॉलिश पेपरने पाण्यात घासा, प्रायमर मारा, परत घासा. त्यावरून सिलिकॉनचा साचा घ्या. मास्टरवर राहिलेली एक केसाएवढी रेघ प्रत्येक प्रतीत येते, त्यामुळे सगळा जीव तिथे ओता.

साच्यातून सुटायला उभ्या कडांना किंचित उतार लागतो, एक ते तीन अंश. सिलिकॉन लवचीक असल्याने थोडं चालवून घेतं, धातूचा साचा अजिबात घेत नाही. रेषा आणि खाचा १ मिमीपेक्षा बारीक ठेवू नका. रंग भरायचा असेल त्या खाचेला खोलीही हवी, नाहीतर पुसताना रंग बाहेर येतो.

आता निळा. खंड्याच्या पाठीचा निळा हा रंगद्रव्याचा नसतोच. पिसातल्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो म्हणून तो निळा दिसतो, आणि म्हणूनच तसा झळकतो. सपाट निळा रंग भरलात तर तो पाटीवरचा निळा होईल. जुन्या घड्याळांच्या तबकड्यांवर करतात तसं करा: धातूवर आधी बारीक समांतर रेघा कोरायच्या आणि वर पारदर्शक निळा मिना. पक्ष्याच्या डोक्यावर चोचीच्या दिशेने जाणाऱ्या रेघा कोरल्यात तर बघणारा चालत पुढे गेला की चमक डोक्यावरून सरकत जाते.

खरा भाजलेला मिना हवा असेल तर खाली तांबं किंवा चांदी घ्या. काचेची ती पूड साधारण ८०० अंशांना वितळवतात. जस्ताच्या ज्या मिश्रधातूत स्वस्तातले बॅज ओततात तो ४०० च्याही आतच पाणी होतो, त्यामुळे त्यावर खरा मिना शक्यच नाही. तिथे मिना म्हणून जे मिळतं ते इपॉक्सी रंग असतात. वाईट नाहीत, पण इपॉक्सी उन्हात पिवळट पडतं आणि निळ्यावर पिवळट म्हणजे हिरवट. वरून पारदर्शक घुमट ओतायचा असेल तर पॉलियुरेथेनचा मागा.

गॅरेजवाली

वाचनखूण साठवली. ओतीवदादा, क्रोम करायचा विचार असेल तर?

ओतीव

एबीएसवर होतं, आधी प्लास्टिकला आम्लाने खरवडून मग तांबं, निकेल आणि शेवटी क्रोम. क्रोमचा थर मायक्रॉनच्या काही दशांशांएवढाच, चमक खरी निकेलची. आणि क्रोम खालचा प्रत्येक पोचा दुप्पट करून दाखवतं. माझं मत विचाराल तर या गाडीला क्रोम नको. कडी आणि चोच घासलेल्या पितळेची, वर लॅकर. लॅकर नाही मारलं तर पितळ काळवंडेल, काहींना तेही आवडतं.

तिखटमीठ

घोडा बाद झाला हे मान्य. एक गंभीर प्रश्न. माझ्या नव्या गाडीच्या पुढच्या जाळीवरचा कंपनीचा बॅज काढून असाच पितळी बनवून लावला तर?

वंगणतेल

थांब! आधी त्या बॅजमागे रडार आहे का ते बघ. पुढच्या गाडीपासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल आणि आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा असेल तर ७७ गिगाहर्ट्झचं रडार बरेचदा नेमकं बॅजमागेच असतं. तिथला बॅज दिसायला क्रोमसारखा असला तरी आरपार रडारच्या लहरी जातील असाच बनवलेला असतो. थराची जाडीसुद्धा लहरींच्या हिशेबाने ठेवतात. तिथे पितळेची चकती लावणं म्हणजे गाडीचे डोळे बांधणं. नुसता वर स्टिकर किंवा घुमट चिकटवला तरी घोळ होऊ शकतो. काही गाड्यांत मागच्या बॅजमध्ये कॅमेरा असतो, तेही बघ.

चौथा_गिअरच्या गाडीत रडार नाही, त्यामुळे त्यांना रान मोकळं.

गॅरेजवाली

रान अगदीच मोकळं नाही हो. बाहेर आलेल्या भागांचे नियम आहेत. संयुक्त राष्ट्रांचा नियम क्र. २६ बऱ्याच देशांत लागू आहे. त्यात शोभेचा भाग बैठकीपासून १० मिमीपेक्षा जास्त बाहेर आला तर साधारण दहा किलोच्या जोराने तो आत जायला, सुटायला किंवा वाकायला हवा. बाहेर आलेल्या कडांची गोलाई सर्वसाधारणपणे किमान २.५ मिमी. रोल्स-रॉइसच्या नाकावरची बाईची मूर्ती धडक बसली की आत जाते ती याच विचाराने. पायी चालणाऱ्याच्या अंगात घुसेल असं काही नको, हा साधा हिशेब. तुमच्या देशात हौशी गाडीची तपासणी कशी होते ते आधी विचारून घ्या.

चोच २.५ मिमी गोल केली तर ती चोच राहणार नाही, बदकाचं तोंड होईल. म्हणून चोच कडीबाहेर काढायची ही रेषाळची कल्पना मला जरा धोक्याची वाटते.

रेषाळ

बाहेर म्हणजे ७० मिमीच्या बाहेर नव्हे. कडीच आतल्या बाजूला घ्यायची, साधारण ६० मिमीची, आणि उरलेल्या पट्टीत चोच शिरेल. खळगा ५ मिमी खोल आहे. बॅज चिकटवायच्या टेपसकट ४.५ मिमी ठेवला तर सगळाच बॉनेटच्या पातळीखाली राहतो. वरून हात फिरवला तर काही लागणार नाही. टोक पुढून बघताना तीक्ष्ण दिसेल, बोटाला मात्र वरची कड किंचित मारलेली लागेल.

चौथा_गिअर

हे सगळं वाचून काल पुठ्ठ्याचे चार नमुने कापले आणि मास्किंग टेपने खळग्यात लावले. दहा पावलं मागे गेलो. गणिती मध्यावर लावलेला पक्षी चक्क खाली घसरल्यासारखा दिसत होता. नाक खाली उतरतं आणि आपण वरून बघतो म्हणून असेल. १.५ मिमी वर सरकवल्यावर जागेवर बसला. डोकं भरीव असल्याने तेही थोडं मागे घ्यावं लागलं. ढालवाल्यांपैकी एक जण नमुना बघून फुटला, आमच्या बाजूने आला.

प्रश्न दोन. चिकटवायचं कसं? आणि चाकांच्या मधल्या टोप्यांवरही हाच पक्षी घ्यावा का?

वंगणतेल

टोप्यांवर पक्षी नको. गाडी उभी राहील तेव्हा एक उताणा, एक सूर मारताना, एक आकाशाकडे बघत. रोल्स-रॉइसच्या टोप्या आत वजन ठेवून कायम सरळ राहतील अशा केलेल्या असतात, तुम्ही कुठे एवढं करत बसता. नुसती पितळी कडी घ्या. स्टीअरिंगवर मात्र पक्षी हवाच. पोर्शची ढालसुद्धा १९५२ मध्ये आधी स्टीअरिंगवरच आली, बॉनेटवर नंतर.

चिकटवायला अॅक्रिलिक फोमची दुहेरी टेप, १ मिमीच्या आसपास जाडीची. कडेपासून मिलिमीटरभर आत कापा म्हणजे दिसत नाही. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं घेऊन पुसा. गार हवेत लावू नका, पृष्ठभाग किमान १५ अंश तरी हवा. नीट दाबा, कारण ही टेप दाबाने पकडते. पूर्ण पकड यायला ७२ तास, तोवर गाडी धुवायची नाही. रंग ताजा आहे म्हणता, तर आधी तो पूर्ण सुकू द्या. आतला थिनर बाहेर पडत असतो, तो टेपखाली अडकला की फुगे.

ओतीव

एक भर. फायबरग्लास मोल्डमधून सुटावा म्हणून मेण लावलेलं असतं. खळग्याच्या कोपऱ्यात ते हमखास राहतं आणि रंगवणारा तिथे घासायला आळस करतो. तसं झालं असेल तर टेप रंगाला घट्ट धरेल आणि रंगच मेणावरून सुटून बॅजसकट हातात येईल. एका ओळखीच्यांच्या गाडीवर नेमकं असं झालं. खळग्याच्या कडेला मास्किंग टेप दाबून झटक्यात ओढून बघा. रंग निघाला तर आत्ताच निघू दे.

आणि खळग्याला खाली एक बारीक भोक पाडा. पाणी साचणार नाही, आणि उद्या बॅज काढायचा झाला तर आतून ढकलता येईल. सपाट जागेवरचा बॅज गरम हवा देऊन मासेमारीच्या दोऱ्याने करवतीसारखा कापून काढता येतो, खळग्यात दोरा शिरत नाही.

चौथा_गिअर

ओढून बघितलं, रंग पक्का आहे. भोकाची कल्पना झकास.

तर ठरलं: नाकावर आणि स्टीअरिंगवर डोकं-चोच, टोप्यांवर कडी, दोन्ही फेंडरवर ३५ मिमीचा छोटा पक्षी कडीशिवाय. मूळ धातू तांबं, डोक्यावर रेघा आणि पारदर्शक निळा मिना, गळ्याशी नारिंगीचा एकच ठिपका. कडी-चोच वेगळी, पितळेची. चौघांची आद्याक्षरं बॅजच्या मागच्या बाजूला कोरणार, म्हणजे उरलेला ढालवालाही गप्प. ओतीवदादा, फाइल पाठवू का?

रेषाळ

पाठवण्याआधी फेंडरचं बघा. उजव्या आणि डाव्या बाजूला एकच पक्षी लावलात तर एका बाजूचा मागे बघत उडेल. दोन वेगळे तुकडे लागतील, एकमेकांची आरशातली प्रत.

ओतीव

हो, आणि आरशातली प्रत काढताना सगळी फाइल उलटी करू नका, मागची अक्षरंही उलटतील. पुढची बाजू आणि मागची बाजू वेगळ्या फाइलमध्ये द्या. डोक्यावरच्या रेघा तिसऱ्या फाइलमध्ये, त्या कोरणारा माणूस वेगळा आहे.